जुना फ्लॅट घेण्याआधी परवानाधारक इंजिनिअरची तपासणी: फी कुठे वसूल होते, कुठे नाही

पुण्यात, ठाण्यात किंवा मुंबईच्या उपनगरात २५-३० वर्षं जुन्या सोसायटीतला फ्लॅट घ्यायचा ठरला की वकील टायटलचा सर्च काढतो, बँक आपला व्हॅल्युअर पाठवते आणि एजंट सोसायटीची एनओसी मिळवून देतो. या तिघांपैकी काँक्रीटकडे कुणीच बघत नाही. बँकेच्या माणसाचं काम वेगळं आहे. फ्लॅट कागदावर दाखवला तसा जागेवर आहे का, मंजूर नकाशाशी जुळतो का, उद्या विकावा लागला तर कर्जाएवढे पैसे सुटतील का, एवढंच तो पाहतो. स्लॅबमधल्या सळईला गंज चढलाय का हे तपासायला त्याला सांगितलेलंच नसतं. त्यामुळे ‘बँकेने पास केलंय ना, मग बिल्डिंग चांगलीच असणार’ या भरवशावर सही करू नका.

हे काम महापालिकेचा परवाना असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर करतो. आमचं मत आधीच सांगतो. इमारत १५ वर्षांपेक्षा जुनी असेल तर ही सेवा घ्यावीच, आणि टोकन देण्याआधी घ्यावी. मात्र इंजिनिअर फ्लॅटपेक्षा जास्त वेळ इमारतीला देणार असेल तरच फी वसूल होते. आत येऊन चार भिंतींचे फोटो काढून जाणार असेल, तर ते काम तुम्हीही करू शकता.

परवाना म्हणजे नेमका कोणता

आर्किटेक्टसाठी १९७२चा केंद्रीय कायदा आहे, नोंदणी आहे. इंजिनिअरसाठी देशपातळीवर तसा कायदा नाही. त्यामुळे व्हिजिटिंग कार्डावर ‘चार्टर्ड’, ‘कन्सल्टिंग’ काहीही छापलेलं असलं तरी आपल्या उपयोगाचा परवाना महापालिकेचा, आणि तोही स्ट्रक्चरल इंजिनिअर या वर्गातला. साइट सुपरवायझरचा परवाना वेगळा असतो. मुंबईतला लायसन्स्ड सर्व्हेअर मुख्यतः नकाशे मंजुरीचं काम करतो. फोनवरच तीन गोष्टी विचारा: परवाना क्रमांक, वर्ग आणि मुदत कधीपर्यंत आहे. खरा माणूस हे विचारल्यावर रागावत नाही, लगेच प्रत पाठवतो. शिवाय पाहणीला तो स्वतः येणार की नुकता पास झालेला असिस्टंट पाठवून नंतर सही करणार, हेही आधीच स्पष्ट करून घ्या.

कुणाला बोलवू नये, हे तितकंच महत्त्वाचं. वॉटरप्रूफिंगचा ठेकेदार ‘इन्स्पेक्शन फ्री’ म्हणत येतो, पण त्याची कमाई दुरुस्तीतून होणार असते. मग प्रत्येक ओलीवर त्याचंच केमिकल हा उपाय निघतो आणि ज्या तड्यावर केमिकल चालत नाही त्याचा उल्लेखही होत नाही. एजंटने सुचवलेला इंजिनिअरही नको, कारण एजंटचे पैसे व्यवहार झाला तरच सुटतात. ज्याला या व्यवहारातून आणि पुढच्या दुरुस्तीतून काहीच मिळणार नाही असा माणूस शोधा. शेजारच्या एखाद्या सोसायटीने स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करून घेतलं असेल तर तिथल्या सेक्रेटरीला विचारणं हा सगळ्यात चांगला मार्ग.

पाहणीची सुरुवात खालून

विकायला काढलेला फ्लॅट रंगवलेला असतो. भेगा पुट्टीने भरलेल्या, बाथरूममध्ये पीव्हीसीचं फॉल्स सीलिंग, ओलीच्या भिंतीवर वॉलपेपर नाहीतर कपाट. पार्किंगमधले कॉलम मात्र फ्लॅटचा मालक रंगवून देत नाही. म्हणून जाणता इंजिनिअर स्टिल्टपासून, म्हणजे इमारतीखालच्या पार्किंगच्या मोकळ्या मजल्यापासून, सुरुवात करतो. तिथून जमिनीखालची टाकी, डक्ट, जिना, गच्ची, वरची टाकी, लिफ्टरूम, आणि सगळ्यात शेवटी फ्लॅट. साधारण ६५० चौरस फूट कार्पेटचा दोन बेडरूमचा फ्लॅट आणि त्याची इमारत मिळून नीट पाहायला दोन ते तीन तास लागतात. अर्ध्या तासात आटोपलेली पाहणी फक्त फ्लॅटचीच असते.

पार्किंगमधल्या कॉलमवर काय दिसतं ते सविस्तर सांगतो, कारण निम्मं निदान इथेच होतं. कॉलमच्या कोपऱ्यापासून एक-दीड इंच आत, वरून खाली सरळ जाणारी भेग दिसली तर ती आतल्या मुख्य सळईच्या रेषेत आहे असं समजा. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. ही जागा तो बाहेरचं काँक्रीट ढकलून करून घेतो. आधी केसाएवढी भेग पडते, मग तिच्यातून तपकिरी ओघळ येतो, मग ठोकल्यावर पोकळ वाजतं आणि शेवटी कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, सुटून पडतं. या चार पायऱ्यांपैकी कॉलम कुठल्या पायरीवर आहे हे अहवालात लिहिलेलं असायला हवं. याउलट बीमच्या खाली आणि विटांच्या भिंतीच्या वर जी आडवी भेग असते ती बहुतेकदा जाळी न मारता केलेल्या प्लास्टरची असते. दिसते वाईट, पण जिवाला धोका नसतो. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरकी भेग मध्यम गटात मोडते. एकाच मजल्यावर असेल तर भिंतीचा प्रश्न. खालच्या-वरच्या मजल्यांवर त्याच जागी, त्याच दिशेने असेल तर पाया खचल्याची शंका घ्यावी, विशेषतः काळ्या मातीच्या किंवा नाल्याकाठच्या भरावाच्या जमिनीवर. बीमच्या टोकाला, कॉलमजवळ ४५ अंशांत तिरकी भेग दिसली तर थांबा आणि त्या एका भेगेची वेगळी चौकशी करून घ्या.

आणखी एक खूण पाहायची. सगळ्या कॉलमांना जुना रंग आहे, पण दोन-चार कॉलमांचे खालचे तीन-चार फूट नव्या प्लास्टरचे. तिथे दुरुस्ती झाली आहे. ती कशी झाली हे विचारायला हवं: सुटं काँक्रीट काढून, सळई घासून, गंजरोधक लावून, पॉलिमर मॉर्टर किंवा मायक्रोकाँक्रीट भरलं, की गंजलेल्या सळईवर साधा सिमेंटचा गिलावा चढवला? दुसऱ्या प्रकारात गंज आत चालूच राहतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत तीच भेग परत वर येते. सोसायटीकडे कामाची बिलं असतात, त्यांत मालाची नावं असतात. ती मागितली तर उत्तर मिळतं.

गच्चीवर दोन गोष्टी. पहिली, वरच्या पाण्याच्या टाकीच्या तळाचा स्लॅब खालून पाहायचा. कायमची ओल असल्याने सळई बाहेर दिसायला सुरुवात बहुतेक इमारतींत तिथूनच होते आणि तिकडे कुणी चढून बघत नाही. दुसरी, ब्रिकबॅट कोब्याचे थर, म्हणजे पाणी अडवायला घातलेला विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर. जुना कोबा गळू लागला की तो न काढता त्यावर दुसरा घालायची वाईट सवय आहे. चार इंच जाडीचा एक थर चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास जातो. मूळ हिशेबात एकच थर धरलेला असतो. पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) आतून जमिनीची उंची बघितली की थर किती चढलेत ते कळतं. वरच्या मजल्याचा फ्लॅट घेत असाल तर हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

बाथरूम: खालच्या घरात जाऊन बघायचं

आपल्याकडच्या जुन्या इमारतींत संडास-बाथरूमचा स्लॅब बाकी घरापेक्षा फूटभर खाली घेतलेला असतो. त्या खोलगट भागात पाइप टाकून वर विटांचे तुकडे आणि कोबा भरतात. न्हाणी ट्रॅपचा (जाळीखालच्या, पाणी पाइपात सोडणाऱ्या भांड्याचा) जोड किंवा टाइल्सच्या फटी गळू लागल्या की पाणी या भरावात साठतं. वर काही दिसत नाही, पाणी वर्षानुवर्षं आत मुरत राहतं आणि खालच्या घराच्या छताची सळई गंजवतं. म्हणजे तुमच्या बाथरूमची खरी अवस्था खालच्या घरात दिसते, आणि तुमच्या बाथरूमच्या छतावर वरच्या घराची.

त्यामुळे इंजिनिअरला खालच्या घरात नेण्याची परवानगी आधीच घेऊन ठेवा. सेक्रेटरीमार्फत एक दिवस आधी निरोप द्या. ‘काका, पाचच मिनिटं बाथरूमचं छत बघायचं होतं’ म्हटल्यावर सहसा कुणी नाही म्हणत नाही. उलट तिथे गळती असेल तर ते आनंदाने दाखवतात, कारण आधीचा मालक ऐकत नसतो. ही माहिती सोन्याची आहे. आदर्श उपविधींनुसार (गृहनिर्माण सोसायट्यांच्या नमुना नियमांनुसार) गच्ची गळली तर खर्च सोसायटीचा, पण संडास-बाथरूम-सिंकमधून घरातल्या घरात होणाऱ्या गळतीचा खर्च सदस्याचा. फ्लॅट नावावर झाला की ते भांडण तुमचं.

आत आल्यावर फॉल्स सीलिंगची एक पट्टी काढून टॉर्च मारायला सांगा. मालक कुरकुर करेल. पट्ट्या सरकवून काढता येतात आणि परत बसतात, हे त्याला सांगा. वर पांढरे क्षार, लोंबणारे पोपडे किंवा काळी-तपकिरी रेषा दिसली तर हातोडीने ठोकून बघतात. घट्ट काँक्रीट टणटण वाजतं. सुटलेलं काँक्रीट बद्द वाजतं, आणि हा फरक दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसालाही ऐकू येतो. बद्द वाजणारा भाग खडूने आखून मोजला पाहिजे. ‘बाथरूममध्ये थोडी ओल आहे’ आणि ‘बाथरूमच्या छताचा १२ चौरस फूट भाग पोकळ, तीन सळया उघड्या’ या दोन वाक्यांवर किमतीची बोलणी वेगळी होतात.

ओल मोजायच्या दोन टाचण्यांच्या मीटरवर फार विसंबू नका. भिंतीत क्षार असले तर भिंत कोरडी असूनही मीटर आकडा चढा दाखवतो. थर्मल कॅमेऱ्याची जाहिरात जोरात असते, पण तो तापमानातला फरक दाखवतो, पाणी नाही. एप्रिल-मेमध्ये, घर महिनोन्महिने बंद असताना, त्यात काही दिसत नाही. बंद घर असेल तर न्हाणी ट्रॅपला बूच मारून बाथरूममध्ये इंचभर पाणी ४८ तास साठवून ठेवायचं आणि मग खालचं छत बघायचं. तपासणीला उत्तम काळ जुलै-ऑगस्ट. चार दिवस झड लागल्यानंतर पश्चिमेकडच्या भिंती काही लपवू शकत नाहीत.

चाचण्या: कुठल्या घ्याव्यात

डोळ्यांनी पाहणी वेगळी आणि यंत्राने चाचणी वेगळी. फी दोन्हींची वेगळी, आणि चाचणीचे पैसे बहुतेक ठिकाणी पॉइंटमागे लावतात. एका फ्लॅटसाठी सगळ्या चाचण्या करून घेणं परवडत नाही आणि त्याची गरजही नसते.

रीबाउंड हॅमर (काँक्रीटवर आपटून उसळीवरून त्याचा कडकपणा मोजणारं यंत्र) ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त चुकीची वापरली जाणारी चाचणी. तो प्लास्टरवर मारून काही उपयोग नाही; प्लास्टर काढून, काँक्रीट घासून, कोरड्या पृष्ठभागावर मारावा लागतो. एवढं करूनही भारतीय मानकाप्रमाणे त्यावरून काढलेली ताकद अधिक-उणे २५ टक्क्यांनी चुकू शकते. जुन्या काँक्रीटचा वरचा थर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे कडक झालेला असतो, म्हणून आकडा फसवा चांगला येतो. नुसत्या हॅमरवरून ‘काँक्रीट एम २५ आहे’ असा ताकदीचा दर्जा कुणी लिहून दिलं तर तो कागद बाजूला ठेवा.

अल्ट्रासोनिक पल्स व्हेलॉसिटी, ज्याला साइटवर सगळे यूपीव्ही म्हणतात, ती काँक्रीटमधून ध्वनिलहरी किती वेगाने जातात ते मोजते. सेकंदाला ३.५ किलोमीटरच्या वर आलं तर काँक्रीट चांगलं, ३च्या खाली आलं तर संशयास्पद. कॉलमच्या समोरासमोरच्या बाजूंना प्रोब लावून घेतलेलं रीडिंग खरं. दोन्ही प्रोब एकाच बाजूला लावून घेतलेलं कमी भरवशाचं. अहवालात पद्धत लिहिलेली असली पाहिजे. हाफ सेल ही गंजाची चाचणी. कॉपर-कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडने उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे गेलं तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त धरतात.

खरेदीदाराने एकच चाचणी मागायची असेल तर आम्ही कार्बोनेशनची, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा परिणाम काँक्रीटमध्ये किती खोल गेलाय ते बघण्याची, सुचवू. स्टिल्टमधल्या एका कॉलमवर अंगठ्याएवढा टवका काढायचा, धूळ फुंकून टाकायची आणि फिनॉल्फ्थॅलिनचा फवारा मारायचा. आतलं निरोगी काँक्रीट क्षणात गडद गुलाबी होतं. बाहेरची जी पट्टी रंग पकडत नाही, तिथलं अल्कलीचं संरक्षण संपलेलं आहे. त्या पट्टीची जाडी मोजपट्टीने मोजायची आणि सळईवरच्या कव्हरशी ताडून बघायची. कॉलमला ४० मिलिमीटर कव्हर अपेक्षित असतं, पण जुन्या बांधकामांत ते २०-२५ सुद्धा निघतं. ही खोली वर्षांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. २५ वर्षांत १६ मिलिमीटर गेली असेल तर २० मिलिमीटरवरच्या सळईपर्यंत पोचायला साधारण ३९वं वर्ष उजाडेल. इतका साधा हिशेब ‘उर्वरित आयुष्य २० वर्षं’ या कोऱ्या वाक्यापेक्षा कितीतरी खरा असतो. खाडीकाठच्या किंवा समुद्राजवळच्या इमारतीत मात्र हा हिशेब पुरत नाही. तिथे क्लोराइड आत शिरतं आणि गुलाबी काँक्रीटमध्येही सळई गंजते. वसई-विरार, नवी मुंबई, रत्नागिरी, पणजी इथे क्लोराइडची चाचणी वेगळी मागा.

टवका काढायला सोसायटीची लेखी परवानगी लागते आणि काम झाल्यावर तो मॉर्टरने भरून द्यावा लागतो. परवानगी मिळाली नाही तर पुढचा रस्ता आहे.

सोसायटीचं स्ट्रक्चरल ऑडिट मागा

आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा करायचं असतं. मुंबईत तर महापालिका कायद्याच्या कलम ३५३ ब खाली ३० वर्षांनंतर ते बंधनकारक आहे. म्हणजे कागद असायला हवा. तो विक्रेत्यामार्फत मागवा आणि आपल्या इंजिनिअरला वाचायला द्या. आमच्या मते या सेवेतला सगळ्यात मोलाचा तास हा वाचनाचा असतो, कारण १०० पानांच्या अहवालात नेमकं कुठलं पान महत्त्वाचं आहे ते तोच ओळखू शकतो.

शेवटी एक वर्ग दिलेला असतो. सी-१ म्हणजे धोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे लोक राहत असताना स्ट्रक्चरल दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. पुनर्विकासाच्या ओढाताणीत एकाच इमारतीचे दोन ऑडिट दोन वेगळे वर्ग दाखवतात, असं होतं. त्यामुळे वर्गाआधी मागची रीडिंग्ज बघायची. मग दुरुस्तीचं एस्टिमेट, त्यातलं किती काम झालं, वर्गणी किती ठरली आणि या फ्लॅटची किती थकली आहे. समजा एस्टिमेट ६० लाखांचं, फ्लॅट ४०, काम सुरू झालेलं नाही. तर सरळ दीड लाख तुमच्या डोक्यावर येणार आहेत. विक्रेता ते सांगणार नाही. जनरल बॉडीच्या इतिवृत्तात ते असतं.

ऑडिटच झालेलं नसेल आणि इमारत ३० वर्षांवर असेल, तर ती गोष्टही अहवालात ठळक लिहून घ्या.

फ्लॅटमधले बदल

मंजूर नकाशाची प्रत हातात घेऊन इंजिनिअर खोली-खोली ताडून बघतो. बाल्कनी आत घेतलेली, फ्लॉवरबेडवर स्लॅब टाकून किचन वाढवलेलं, दोन खोल्यांमधली भिंत काढलेली. आरसीसी फ्रेममधली (भार कॉलम-बीम पेलतात अशा इमारतीतली) आतली चार इंची भिंत काढली तर सहसा इमारतीला धक्का नसतो. लोड बेअरिंग इमारतीत, जिथे भिंतीच भार पेलतात, मात्र नऊ इंची भिंत हीच इमारत असते, आणि कोकणातल्या-गोव्यातल्या जांभ्याच्या घरांनाही हेच लागू. भिंत काढलेल्या जागी वर बीम आहे का, आणि तो बीम कशावर टेकला आहे, हे बघितल्याशिवाय पुढे सरकू नये. फर्निचर बसावं म्हणून कॉलम तासलेले, एसीच्या पाइपसाठी बीमला भोक पाडलेलं, वायरिंगसाठी कॉलममध्ये खाच मारलेली, या गोष्टी कपाटामागे सापडतात. २५ जुलै २०१७ला घाटकोपरची सिद्धी साई इमारत कोसळून १७ जण गेले, तेव्हा तळमजल्यावर चाललेल्या फेरबदलांच्या कामाकडेच बोट दाखवलं गेलं. तुमच्या फ्लॅटखाली दुकानं, क्लिनिक, जिम असेल तर तिथे काय बदल झालेत हे बघणं हा पाहणीचा भाग आहे. तो कामाच्या पत्रात लिहून घ्या, नाहीतर इंजिनिअर तिथे जाणार नाही.

फरशीवर फरशी हा आणखी एक दुर्लक्षित प्रकार. जुनी मोझॅक न काढता वर मॉर्टर आणि व्हिट्रिफाइड टाइल टाकली की ५० मिलिमीटर वाढतात, चौरस मीटरला १००-१२० किलो. राहत्या घरात माणसं-सामान मिळून हिशेबात धरलेला भार साधारण २०० किलो असतो. म्हणजे निम्मी राखीव ताकद फरशीनेच खाल्ली. दाराच्या उंबऱ्याजवळ आणि बाल्कनीच्या कडेला जमिनीची पातळी बघितली की हे उघड होतं.

क्षेत्रफळ लेझरने मोजून घ्या. जुन्या करारांत बिल्टअप लिहिलेलं असतं, एजंट सुपर बिल्टअप सांगतो आणि तुम्ही राहणार असता कार्पेटमध्ये. मोजणीला वीस मिनिटं लागतात आणि ती याच फीमध्ये व्हायला हवी.

जिथे ही सेवा कमी पडते

वीज आणि नळ. स्ट्रक्चरल इंजिनिअर यात वरवर बघतो, आणि प्रामाणिक असेल तर तसं सांगतो. यासाठी परवानाधारक वायरमन आणि एक अनुभवी प्लंबर वेगळे बोलवा. वायरमनने बघायचं ते असं: अर्थिंग खरंच आहे का, की तीन पिनांच्या सॉकेटमध्ये अर्थची तार नुसती लोंबते, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे का आणि टेस्टचं बटण दाबल्यावर पडतो का, एसी आणि गीझरला ४ स्क्वेअर मिलिमीटरची तार आहे की लाइटच्या दीड स्क्वेअरवरच भागवलंय, आणि जुन्या इमारतीत ॲल्युमिनिअमची तार उरली आहे का. प्लंबरने सगळे नळ एकदम सोडून फ्लश ओढायचा आणि न्हाणीचं पाणी उलटं येतं का बघायचं. जीआय पाइप (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) आतून गंजून पेन्सिलएवढे अरुंद झालेले असतात, त्यामुळे टाकी भरलेली असूनही नळाला धार नसते. पाण्याची आणखी एक खूण कागदावर सापडते: पुण्यात सोसायटीची मार्च ते मेमधली टँकरची बिलं मागा.

पायाबद्दलही इंजिनिअर ठाम काही सांगू शकत नाही. तो खोदून बघत नाही, लक्षणांवरून अंदाज बांधतो. ज्या अहवालात ‘काय बघता आलं नाही’ असा परिच्छेद नाही, तो अहवाल अपुरा समजा.

ॲपवरून बुक होणाऱ्या होम इन्स्पेक्शन कंपन्या वेगळ्या कामाला चांगल्या. बिल्डरकडून नव्या फ्लॅटचा ताबा घेताना त्या पोकळ टाइल्स, बाथरूमचा उलटा उतार, न बसणारी दारं, सुटलेली पुट्टी यांची फोटोंसकट लांबलचक यादी देतात आणि ती बिल्डरपुढे ठेवता येते. रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांत स्ट्रक्चरल किंवा कामाच्या दर्जाचा दोष कळवला तर बिल्डरला तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यावा लागतो. त्यामुळे ताब्याच्या वेळी एकदा आणि पाचवं वर्ष संपायच्या सहा महिने आधी एकदा अशी यादी करून घेणं शहाणपणाचं. ३० वर्षं जुन्या इमारतीसाठी मात्र ही यादी पुरत नाही. तिथे कॉलमकडे बघणारा माणूस हवा.

फी, पत्र आणि अहवाल

फी शहर, मजले आणि चाचण्यांवर ठरते. तीन कोटेशन घ्या, पण आकड्यांच्या आधी कामाची यादी ताडून बघा, कारण स्वस्त कोटेशनमध्ये गच्ची आणि स्टिल्ट बहुतेकदा नसतात. जीएसटीची नोंदणी असेल तर वर १८ टक्के लागतात. तुलनेसाठी एवढं लक्षात ठेवा: महाराष्ट्रात नुसती नोंदणी फी ३०,००० रुपयांपर्यंत जाते आणि मुद्रांक शुल्क त्याहून कितीतरी पट. पाहणीचं शुल्क त्यापुढे जड नाही.

कामाच्या पत्रात कुठले भाग बघणार, स्वतः कोण येणार, चाचण्या किती पॉइंटवर, अहवाल किती दिवसांत आणि अहवालानंतर फोनवर समजावून सांगणार का, हे लिहून घ्या. अहवालात प्रत्येक दोषासमोर जागा, तारखेचा फोटो, मोजमाप, कारण, किती तातडीचं आणि दुरुस्तीचा अंदाजे खर्च हवा. शेवटच्या पानावर सही, शिक्का, परवाना क्रमांक. ‘इमारत एकंदरीत सुस्थितीत आढळली’ हे एक पान घेऊन पैसे देऊ नका. परदेशात राहून पुण्या-मुंबईत फ्लॅट घेणाऱ्यांनी पाहणी चालू असताना व्हिडिओ कॉलवर राहावं आणि सगळे मूळ फोटो मागून घ्यावेत. अहवालात निवडक फोटो असतात, न निवडलेल्यांत बरंच काही दिसतं.

अहवालाचा उपयोग वेळेवर आला तरच. टोकन देऊन झाल्यावर दोष सापडला तर विक्रेता म्हणतो, ‘बघूनच घेतलंय ना तुम्ही?’ म्हणून आधी पाहणी. विक्रेता थांबायला तयार नसेल तर टोकनच्या कागदावर एक अट घाला: दहा दिवसांत तपासणी होईल, अहवालात स्ट्रक्चरल दोष निघाला तर टोकन पूर्ण परत. ही अट नाकारणाऱ्या विक्रेत्याला कारण विचारा. किंमत कमी करून मागताना गोळाबेरीज आकडा टाकू नका. बाथरूमच्या छताची दुरुस्ती, न्हाणी ट्रॅपसकट वॉटरप्रूफिंग, इमारतीच्या दुरुस्तीची थकलेली वर्गणी असं एकेक कलम अहवालाचं पान उघडून दाखवा. अशा बोलणीत विक्रेता सहसा काही ना काही सोडतो.

ही सेवा कुणी घेऊ नये तेही सांगतो. सोसायटीचा विकासकाशी करार नोंदवून झाला असेल आणि वर्षभरात इमारत रिकामी होणार असेल, तर कॉलमची तपासणी करून हाती काही लागत नाही. तिथे तुम्ही विकत घेताय तो नव्या इमारतीतला हक्क; पैसे तो करार वाचणाऱ्या वकिलाला द्या. आणि इमारतीला सी-१ची नोटीस लागलेली असेल तर इंजिनिअरला बोलवायच्या आधीच व्यवहार थांबवा. बाकी कुठल्याही जुन्या फ्लॅटसाठी गच्चीची आणि टाकीच्या शिडीची किल्ली सेक्रेटरीकडून आदल्या दिवशीच मागून ठेवा. पाहणीच्या दिवशी ती सापडली नाही की इंजिनिअरला दुसरी फेरी पडते, आणि दुसऱ्या फेरीचे पैसे वेगळे लागतात.